गैरहजर बाईचा पहिला नंबर

१

एप्रिल महिन्यात आठ दिवस जी बाई कारखान्याकडे फिरकलीसुद्धा नाही, तीच त्या महिन्यात सगळ्या कारखान्यात पहिली आली. आणि हे तिनं स्वतःच्या तोंडानं मालकांना सांगितलं, म्हणून तर पुढचा सगळा घोळ झाला.

२००४ सालच्या मे महिन्यातली ही गोष्ट. हिंगोलीच्या एमआयडीसीत सोनकांडी हळद उद्योग नावाचा पत्र्याच्या छपराचा एक कारखाना होता. तिथं अठ्ठावीस बायका चार टेबलांवर बसून हळद निवडायच्या. कांडी वेगळी, गड्डा वेगळा, किडकं वेगळं. निवडलेली कांडी पंचवीस किलोच्या गोणीत भरायची, दाभण-सुतळीनं तोंड शिवायचं आणि आपल्या नंबरचा पत्र्याचा बिल्ला गोणीला बांधायचा. पगार सगळ्यांना सारखा आणि महिन्याचा ठरलेला. बिल्ले मोजायचे ते फक्त काम किती झालं हे कळावं म्हणून.

आजवर टेबलवार आकडे फळ्यावर लागायचे. या वेळी पहिल्यांदाच बाईवार यादी झाली होती, कारण औंढ्याच्या रस्त्याला कारखान्याची दुसरी शाखा जूनमध्ये सुरू व्हायची होती आणि मालक सुदामरावांनी जाहीर करून टाकलं होतं की एप्रिलमध्ये जी पहिली येईल ती तिथली सुपरवायझर. तोवर त्या कारखान्यात सुपरवायझर म्हणजे पँट घालणारा माणूस असंच सगळे धरून चालले होते. त्यामुळं बायकांमध्ये महिनाभर नुसती कुजबुज होती.

यादी आली. पहिला नंबर बिल्ला सतरा, रुख्मिणीबाई, मुक्काम पुसेगाव, टेबल तिसरं. गोण्या एकशे त्रेपन्न.

सुदामरावांनी तिला केबिनमध्ये बोलावलं, पेढ्याचा पुडा पुढं केला. रुख्मिणीबाई पेढ्याकडं पाहतच राहिली.

"मालक, कायतरी गफलत झाली. मी तर एप्रिलात आठ रोज परभणीला व्हते. लेकीचं बाळंतपण व्हतं ना."

बोलून गेली आणि मग तिच्या काहीतरी ध्यानात आलं. तिनं पदर तोंडाला लावला तो लावलाच. सुदामरावांनी चार वेळा विचारलं, दरडावून विचारलं, पण ती "मला काय बी ठावं न्हाई" याच्या पुढं सरकेना.

पेढ्याचा पुडा तसाच राहिला आणि शितल राठोडला निरोप गेला.

२

शितल राठोड ही त्या कारखान्याची कर्मचारी अधिकारी. वय सव्वीस. सेनगाव तालुक्यातल्या एका तांड्यावरची पोर, नांदेडला समाजकार्य शिकून आलेली. तिच्या तांड्यातली खुर्चीवर बसून काम करणारी पहिली बाई. हा अभिमान ती लपवत नसे, आणि का लपवावा!

तिसरं टेबल हे तिचं लेकरू होतं. आधी तांड्याच्या बायका एका टेबलावर आणि गावांच्या बायका दुसऱ्या टेबलावर बसत. पाण्याचे माठसुद्धा दोन. मागच्या जूनमध्ये शितलनं मालकांच्या मागं लागून एक टेबल मिसळ करून घेतलं, चौघी गावांच्या आणि तिघी तांड्याच्या. पहिले पंधरा दिवस त्या टेबलावर कुणी कुणाशी बोललं नाही. दिवाळीच्या सुमारास एक माठ फुटला आणि दुसरा आणायचं कुणालाच आठवलं नाही. तेव्हापासून फळ्यावर तिसरं टेबल दर महिन्याला वर. नव्या शाखेत सगळीच टेबलं मिसळ ठेवायची, इथवर सुदामराव आले होते.

आता तेच सुदामराव लाल झाले होते. "म्याडम, तुमच्या टेबलानं मला उल्लू बनवलं. म्हणजे दहा महिन्यांचे आकडेही असेच असणार! तुमी शनिवारपर्यंत शोधून काढा हे कुणी केलं. ज्यानं केलं तो घरी जाईल. आणि न्हाई सापडला तर टेबल फोडतो. तांड्याच्या तांड्याच्यांत, गावच्या गावच्यांत, पहिल्यासारखं. नव्या शाखेत बी तसंच."

शितल केबिनमधून बाहेर आली तेव्हा बुधवारचे अकरा वाजले होते. तिला रडू आलं नाही. रागच आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना.

पहिला संशय कारकुनावर जाणार हे उघड होतं. गोडाऊनचं रजिस्टर लिहिणारा संतोषही पुसेगावचाच. गावच्या बाईसाठी चार आकडे वाढवायला असा किती वेळ लागतो? शितल गोडाऊनमध्ये शिरली तेव्हा संतोष खुर्चीतून उठताना रजिस्टरच खाली पाडून बसला.

"एवढं काहून घाबरून राहिला?" तिनं विचारलं.

"मी कायी खोटं लिहिलं न्हाई, म्याडम. मी फकस्त..." तो घुटमळला. "मी गोण्या मोजतच न्हाई. पत्र्याखाली लय तापतं. मी पंख्याखाली बसतो, फुलसिंगमामा नंबर वरडून सांगतात, मी लिवतो. मालकाला नका सांगू."

त्याचं पाप एवढंच होतं, आणि नेमकं तेच त्याच्या कामी आलं. कारण हमालांचा मुकादम फुलसिंग आपली मोजणी वेगळी ठेवायचा. त्याचा कागदावर विश्वास नव्हता. गोडाऊनच्या भिंतीवर कोळशानं तो रेघा ओढायचा, पाचापाचाच्या जुड्या करून, टेबलागणिक वेगळ्या. शितलनं भिंतीवरच्या तिसऱ्या टेबलाच्या एप्रिलच्या रेघा मोजल्या. एक हजार सतरा. रजिस्टरची बेरीजही एक हजार सतरा. बंदरावर जायचा माल अजून निघालेला नव्हता, थप्पी जागेवर होती. तीही मोजली. एक हजार सतरा, एक कमी नाही की एक जास्त नाही.

म्हणजे आकडा फुगवलेला नव्हता. गोण्या खऱ्या होत्या, हळद खरी होती. बाई तेवढी परभणीला होती.

३

थप्पी तारखेनं लावलेली होती. रुख्मिणीबाई नव्हती त्या आठ दिवसांतल्या सतरा नंबरच्या गोण्या शितलनं एकेक करून पाहिल्या. सत्तावन्न निघाल्या. आणि तिसऱ्या-चौथ्या गोणीलाच ती थबकली.

गोणीच्या तोंडाला दोन्ही कोपऱ्यांत कान होते.

कान म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिचा पणजोबा लदेणीवर जायचा, म्हणजे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य नि मीठ गावोगाव पोचवायचा. बैलावर गोणी चढवताना धरायला काहीतरी हवं, म्हणून गोणी शिवताना कोपऱ्याला सुतळीचा वेढा देऊन मुठीत मावेल एवढा कान काढायचा. बैल गेले, लदेणी गेली, तांडे शेतीला लागले, पण तांड्यातल्या बाईच्या हातातून तो कान गेला नाही. गावच्या बायका सरळ शिवतात आणि शेवटी एक गाठ मारतात. हे शितल लहानपणापासून पाहत आली होती.

सत्तावन्नच्या सत्तावन्न गोण्यांना कान.

शितल एका गोणीवर बसली. तिसऱ्या टेबलावर तांड्याच्या तिघी. त्यांच्यात वडीलधारी गोजरबाई आडे. तांड्यात आईच्या वयाच्या बाईला याडी म्हणतात, तशी शितल तिला याडी म्हणायची. नोकरीच्या पहिल्या दिवशी सगळा कारखाना या नव्या म्याडमकडं टकमक पाहत असताना, उठून तिच्या पाठीवर हात ठेवणारी हीच गोजरबाई. आता मालक काय म्हणतील ते शितलला आधीच ऐकू येत होतं. 'बघा, म्हणलं नव्हतं?' एवढंच म्हणतील, आणि पुन्हा कुठलं मिसळ टेबल या जिल्ह्यात उभं राहायचं नाही.

थप्पीशेजारीच सुतळी कापायचा चाकू पडला होता. कान कापले असते तर अर्ध्या तासात पुरावा नाहीसा झाला असता. हा विचार तिच्या मनात आला, खोटं कशाला बोला. आला आणि तिची तिलाच लाज वाटली. नांदेडच्या वसतिगृहात कुणाची वस्तू हरवली की तांड्याची पोर म्हणून आधी तिचीच पेटी उघडायला लावत. तिनं दर वेळी ती ताठ मानेनं उघडून दाखवली होती. आज ती कुठली पेटी झाकणार होती?

"काय पायलं, म्याडम?" मागं फुलसिंग येऊन उभा होता, खांद्यावर गमछा टाकून.

"फुलसिंगमामा, ह्या गोण्या तांड्याच्या बाईनं शिवल्यात ना?"

फुलसिंगनं गोणीकडं पाहिलं, मग शितलकडं. हसला.

"तू किती रोज झाले टेबलावर गेली न्हाईस, बेटा? जा, जाऊन पाय."

४

शितल तरातरा निवडीच्या शेडमध्ये गेली. तिसऱ्या टेबलावर सतरा नंबरच्या शेजारी धुरपताबाई बसलेली. ही शिरड शहापूरची, चांगल्या खात्यापित्या शेतकरी घरातली, मागच्या जूनमध्ये 'मी तांड्यावाल्यांच्या माठातलं पिणार न्हाई' म्हणून सगळ्यांत मोठ्यानं सांगणारी. तिनं गोणीचं तोंड जुळवलं, दाभण ओवलं, आणि कोपऱ्याला आली तशी सुतळीला वेढा देऊन झकास कान काढला.

"धुरपतामावशी, हे कुणी शिकवलं?"

"ह्या गोजरबाईनं. उचलाया लय बरं पडतं, म्याडम. फुलसिंगदादाची कंबर वाचती. आमी सगळ्याच काढतो आता." आणि मग जरा तोऱ्यात, "माझा कान तर तिच्यापेक्षा बराबर येतो."

"व्हय व्हय," समोरून गोजरबाई म्हणाली, "गाढवाच्या कानागत येतो."

सगळं टेबल हसलं. शितलही हसली, आणि हसता हसता तिच्या छातीवरची धोंड उतरली. ज्या पुराव्यावरून ती आपल्या माणसांना चोर ठरवून बसली होती तो पुरावाच निकामी होता. सात जणींचं शिवण एक झालं होतं, कुठला हात कुणाचा हे आता देवालाही ओळखू येणार नव्हतं. तपासाच्या दृष्टीनं ही अडचणच होती. शितलला मात्र तिचा इतका अभिमान वाटला की दोन मिनिटं ती तपास विसरली.

मग आठवला. हसणं थांबलं होतं आणि सहाही बायकांनी माना खाली घातल्या होत्या. रुख्मिणीबाई तर हळदीच्या ढिगात काय शोधत होती कुणास ठाऊक.

शितल आपल्या केबिनमध्ये येऊन डोकं धरून बसली. गोण्या खऱ्या, म्हणजे कुणीतरी भरल्या. बाकीच्या टेबलांनी त्या दिल्या म्हणावं तर त्यांचे आकडे नेहमीचेच होते. तिसऱ्या टेबलावरच्या सहा जणींनी आपल्यातल्या दिल्या म्हणावं तर त्यांच्या स्वतःच्या गोण्या कमी व्हायला हव्यात. पण त्या प्रत्येकीच्या एकशे चव्वेचाळीस होत्या. चोवीस दिवस, रोजच्या सहा. एकही कमी नाही. म्हणजे सहा बायकांनी आठ दिवस सात बायकांचं काम केलं होतं. कधी केलं? दिवस तर सगळ्यांना सारखाच आहे.

उत्तर गेटवर होतं. तिथं रामकिशन नावाचा वॉचमन बसायचा. मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा, आणि हजेरीची वही तो कुणाच्या हाती देत नसे. शितलनं मागितली तेव्हा त्यानं ती आपल्याच मांडीवर उघडून दाखवली.

कामाची वेळ नऊची. पण रुख्मिणीबाई परभणीला गेली त्या दिवसापासून तिसऱ्या टेबलाच्या सहाही जणी आठ वाजता आत आलेल्या. आठही दिवस. जेवणाच्या सुट्टीत बाहेर लिंबाखाली जाणाऱ्यांच्या नोंदीत त्यांची नावंच नाहीत.

"रामकिशनकाका, ह्या एक तास आधी काहून येत व्हत्या?"

"मला काय ठावं? मला वाटलं तुमीच बोलावलं."

"आणि मला वाटलं असतं मालकांनी बोलावलं," शितल स्वतःशीच म्हणाली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा तो हाच. गोडाऊनच्या रजिस्टरात गोण्या होत्या, गेटच्या वहीत माणसं होती. दोन्ही वह्या दहा महिने एका छपराखाली नांदत होत्या, पण त्यांची एकमेकींशी भेट कुणी घालून दिली नव्हती. शितलनं रामकिशनच्या हातापाया पडून त्याची वही केबिनमध्ये आणली आणि दोन्ही शेजारी ठेवून जूनपासून ताडून पाहायला लागली.

मार्चमध्ये गोजरबाई होळीला तांड्यावर, पाच दिवस. त्या पाचही दिवशी तिच्या बिल्ल्याच्या रोज सहा गोण्या. फेब्रुवारीत धुरपताबाई घरच्या हळद काढणीला, नऊ दिवस. रोज सहा गोण्या. श्रावणात तांड्याच्या तिघीही तीजेच्या सणाला गेलेल्या, तेव्हा गावच्या चौघी आठ वाजता हजर. पोळा, जत्रा, लग्न, लेकराचा ताप. गेटच्या वहीत गैरहजर आणि गोडाऊनच्या रजिस्टरात हजर.

हे एकाच महिन्यातलं प्रकरण नव्हतं. दहा महिन्यांत तिसऱ्या टेबलावरची एकही बाई गोडाऊनच्या कागदावर एकही दिवस गैरहजर राहिलेली नव्हती.

५

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत शितल डबा घेऊन त्यांच्यात जाऊन बसली. खुर्ची नको म्हणाली, खाली बसली. ज्वारीची भाकरी, ठेचा, कुणाची वांग्याची भाजी. डबे इकडून तिकडे फिरत होते. शितलनं दोन्ही वह्या मधे ठेवल्या.

"मला सगळं कळलंय," ती म्हणाली. "उद्या मालक टेबल फोडणार हायेत. तुमी सांगितलं न्हाई तर मी सांगेन, पण माझ्या तोंडून ते चोरीसारखं ऐकू येईल. तुमच्या तोंडून खरं ऐकू येईल."

धुरपताबाईनं हात पुसले. "चोरी? आता गं बया! सावड म्हणत्यात त्याला. आज माझ्या रानात तुमी, उद्या तुमच्या रानात मी. बाप-आज्यापासून चालत आलंय. एकीच्या घरी कायी निघालं तर तिचं काम मागं काहून पडावं?"

"आणि सांगितलं का न्हाई कुणाला?"

"रानात सावड करताना कोन तहसीलदाराला सांगून करतं?"

तेवढ्यात गोजरबाई उठून उभी राहिली. साठीला टेकलेली बाई, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, कपाळावर गोंदण. तिनं रुख्मिणीबाईकडं पाहिलं, धुरपताबाईकडं पाहिलं आणि मग शितलकडं.

"ह्यांचं कायी चुकलं न्हाई. कवा कुणी कुणासाठी भरायच्या ते मी सांगायची. बिल्ले मी वाटायची. मालकाला माझं नाव सांग. एकटीला काढू द्या, टेबल राहू द्या."

आणि पदर खोचून ती सुट्टी संपायच्या आत हळद निवडायला बसली. शितलनं डबा झाकून ठेवला. गुन्हेगार सापडला होता, आणि तो पाठीवर हात ठेवणाऱ्या याडीच्या रूपानं सापडला होता.

६

शनिवारी सकाळी शितलनं सगळ्यांनाच मालकांच्या केबिनमध्ये आणलं. सात बायका, संतोष, फुलसिंग, आणि आपल्या वहीवर नजर ठेवायला म्हणून रामकिशन. केबिन लहान, पंखा एक. सुदामराव कपाळाला आठ्या घालून बसले होते.

शितलनं एकेक गोष्ट मांडली. भिंतीवरच्या रेघा, थप्पीतल्या गोण्या, रजिस्टर, तिन्हींची बेरीज एक, म्हणून आकडे खोटे नाहीत. सगळ्या गोण्यांना सारखेच कान, म्हणून एका जातीवर, एका गावावर बोट ठेवता येत नाही. सहा जणींच्या स्वतःच्या गोण्या पुऱ्या, म्हणून हळद कुणाची पळवलेली नाही. गेटची वही आठ वाजताची, म्हणून ते काम जास्तीच्या वेळात झालेलं. शेवटी सावड. सुदामराव हळूहळू पुढं सरकत गेले, पण आठ्या गेल्या नाहीत.

"सावड मला शिकवू नका, मी बी शेतकऱ्याचंच पोरगं," ते म्हणाले. "पण सावड म्हणजे बराबरीचं देणं-घेणं. आठ रोज, रोजच्या सहा, अठ्ठेचाळीस झाल्या. सहा जणी, आठ-आठ गोण्या, ठीक. मग ह्या सत्तावन्न कशा? वरच्या नऊ कुठून आल्या? त्या नऊनंच ती पहिली आली. हे तर मुद्दाम केलं!"

हा आकडा शितलनंही पाहिला होता आणि तिलाही उलगडला नव्हता. तिनं बायकांकडं पाहिलं.

धुरपताबाई चुळबुळली. "मी दोन जास्तीच्या घातल्या," ती हळूच म्हणाली. "फेब्रुवारीत माझ्यासाठी रुख्मिणीनं लय केलं. उसनं फेडताना माप सपाट देत असत्यात का? शीग लावावी लागती."

"तू बी?" शेजारची म्हणाली. "मी एक घातली व्हती. मला वाटलं मीच."

"मी बी दोन."

"मी एक."

एकीकडून दुसरीकडं असं फिरत गेलं. आठ-आठच भरायच्या असं ठरलेलं होतं, आणि सहाही जणींनी एकमेकींना न सांगता वर शीग लावली होती. कुणी एक, कुणी दोन. उसनं पीठ आणलं एक वाटी तर परत करताना वाटी शिगोशीग भरून द्यायची, हे ज्या घरांत आईनं मुलीला शिकवलं त्या घरांतल्या या बायका. त्यांच्या हिशोबात सपाट माप म्हणजे अपमान. गैरहजर बाईला त्यांनी पहिलं आणलं ते कट करून नव्हे, कट मोडून.

पहिला फुलसिंग हसला. मग रामकिशनच्या मिशा हलल्या. सुदामरावांनी हसू दाबायला पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि त्यांना ठसका लागला.

ठसका ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "आणि कोन कुणाचं किती देणं लागतं, हे कोन लक्षात ठेवायचं? दहा महिने, सात बायका. चिठ्ठी-चपाटी कुठंय?"

"चिठ्ठी न्हाई," गोजरबाई पुढं आली. "मला लिवता येत न्हाई."

"मग?"

गोजरबाईनं डोळे अर्धवट मिटले आणि बोलायला लागली. आषाढात कोण किती दिवस, श्रावणात कोण, पोळ्याला कोण, कुणाच्या वाटच्या कुणी भरल्या, कुणाच्या फिटल्या. सुदामराव एक बोट गेटच्या वहीवर आणि एक बोट रजिस्टरवर ठेवून ताडून पाहत होते. कार्तिकात एके ठिकाणी त्यांनी हात वर केला. "इथं चुकली. ह्यात पाच हायेत."

"सहा व्हत्या," गोजरबाई डोळे न उघडता म्हणाली.

सगळ्यांनी संतोषकडं पाहिलं. "त्या दिवशी पंखा बंद व्हता," तो पुटपुटला, "मी जरा भायेर गेलतो." फुलसिंगनं कोळशाच्या रेघा आठवून मान डोलावली. सहाच होत्या.

सुदामरावांनी दोन्ही वह्या मिटल्या. "म्याडम, मी तुमाला सांगितलं व्हतं, ज्यानं हे केलं ते शोधा, तो घरी जाईल. तुमी शोधलं. पण हिला मी घरी पाठवून काय करू? दहा महिने माझं एक टेबल ही बाई चालवून राहिली आणि मला पत्ता न्हाई!" ते गोजरबाईकडं वळले. "बाई, औंढ्याच्या रस्त्याला येता का? सुपरवायझर म्हणून. लिवायला एक माणूस देतो."

गोजरबाईनं लगेच हो म्हटलं नाही. घरच्या बैलाचा सौदा करताना थांबावं तशी थांबली.

"येते. पण तिथल्या बायका मी निवडणार. एका गावच्या, एका तांड्याच्या सगळ्या नको."

"काहून?" सुदामराव म्हणाले. आणि शितलनं कान टवकारले, कारण हाच मुद्दा तिनं वर्षभरापूर्वी चार पानांत लिहून दिला होता. समानता, सलोखा, सामाजिक जबाबदारी, सगळं होतं त्यात.

"एका तांड्याच्या असल्या की तीजेला सगळ्याच जातेत. एका गावच्या असल्या की जत्रेला आन् काढणीला सगळ्याच जातेत. मग सावड कुणी करावी? टेबल रिकामं पडतं. आमच्या तीजेला ह्या असत्या, ह्यांच्या काढणीला आमी असतो. तिथं मी मोमीनपुऱ्याच्या बी दोघी घेणार. दिवाळीला त्या सांभाळतील, ईदेला आमी."

शितलच्या चार पानांत हे कुठंच नव्हतं. बाकीच्या टेबलांचे आकडे तीजेला आणि काढणीला का कोसळतात आणि तिसऱ्याचा का कोसळत नाही, हे तिला दहा महिने समोर असून दिसलं नव्हतं. सही न येणाऱ्या बाईनं ते पहिल्या महिन्यातच ओळखून कामाला लावलं होतं. शितलला क्षणभर आपल्या पदवीची लाज वाटली आणि पुढच्याच क्षणी छाती भरून आली. ही तिच्या तांड्याची बाई होती. आणि धुरपताबाई, रुख्मिणीबाई, ह्याही आता तिच्याच होत्या.

"लिवा पत्र," सुदामराव म्हणाले.

शितलनं तिथंच कारखान्याच्या कागदावर नेमणुकीचं पत्र लिहिलं. सुदामरावांनी सही केली. गोजरबाईनं कागद हातात घेतला, उलटासुलटा पाहिला आणि परत शितलच्या हातात दिला.

"काय लिवलंस ते वाच."

शितलनं वाचलं. "श्रीमती गोजरबाई आडे यांची सोनकांडी हळद उद्योगाच्या दुसऱ्या शाखेत सुपरवायझर या पदावर नेमणूक करण्यात येत आहे."

गोजरबाईनं केबिनच्या दाराकडं पाहिलं. बाहेर बाकीच्या तिन्ही टेबलांच्या बायका काम टाकून जमल्या होत्या, मागं उभ्या असलेल्या टाचा उंच करून पाहत होत्या.

"बेटा, परत वाच," ती म्हणाली. "त्या मागच्यांना ऐकू गेलं न्हाई."

शितल दारात जाऊन उभी राहिली आणि आवाज चढवून तिनं पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.